शीघ्रयान आणि वातप्रकोप : मोटारसायकलचा वेग व आपली चिकित्सा

‘वेग’ हा शब्द आपणा वैद्यांना दोन अर्थांनी परिचित आहे. एक वेग मल-मूत्र-क्षवथु आदींचा. तो धारण करू नये, असे आपण रुग्णास दररोज सांगतो. दुसरा वेग रस्त्यावरील वाहनाचा. तो धारण करावा, असे मात्र आपण क्वचितच सांगतो. कारण तो विषय पोलिसांचा वा आरटीओचा आहे अशी आपली समजूत असते. ही समजूत चिकित्सकास परवडणारी नाही, असे आम्हांस अनुभवांती वाटू लागले आहे. म्हणून प्रस्तुत लेखात मोटारसायकलचा कमाल वेग, दीर्घकाळ वेगात गाडी चालविण्याचे शरीरावर होणारे परिणाम आणि त्यासंबंधी वैद्य व औषधविक्रेते यांचे कर्तव्य यांचा विचार करण्याचे योजिले आहे.

विषयाकडे वळण्यापूर्वी एक प्रसंग निवेदन करतो. आमचा दवाखाना सावर्डे येथे, मुंबई-गोवा महामार्गालगत आहे. गणेशोत्सव आणि शिमगा या दोन सणांना मुंबईचे चाकरमानी गावी येतात. ज्यांना रेल्वेचे आरक्षण वा एसटीत जागा मिळत नाही, ते तरुण रात्रभर मोटारसायकल चालवीत येतात. काही वर्षांपूर्वीच्या गणेशोत्सवात असाच एक तिशीच्या आतील तरुण सकाळी सकाळी आमच्याकडे आला. मान आखडलेली, कंबर धरलेली, दोन्ही हातांच्या बोटांना मुंग्या, डोळे लाल. अडीचशेहून अधिक किलोमीटर अंतर त्याने दोन वेळा चहा घेण्यापुरते थांबून काटले होते. “मोकळा रस्ता मिळाला की शंभराच्या खाली काटा येऊ दिला नाही,” हे त्याने अभिमानाने सांगितले. आम्ही स्नेहन, स्वेदन केले, पोटात घेण्यास औषध दिले. त्याला आराम पडला व तो आनंदाने गेला.

गौरी-गणपतीच्या विसर्जनानंतर तो तसाच रात्री परत निघाला. वाटेत सर्दीसाठी एका दुकानातून गोळी घेतली आणि पहाटेच्या सुमारास डोळा लागून गाडी रस्त्याबाहेर गेली. मांडीचे हाड मोडले, जीव वाचला. ही हकिगत त्याच्या वडिलांनी आम्हांस सांगितली, तेव्हा त्यांच्या बोलण्यात आमच्याविषयी तक्रारीचा सूर नव्हता. परंतु आमच्या मनात तो उमटला. आम्ही त्याची वेदना घालविली, पण तो परत कसा व केव्हा जाणार हे विचारले नाही. त्याची गोळी ज्या दुकानातून गेली, तेथेही कोणी विचारले नाही. गोळी आमच्या दवाखान्यातून गेली असती, तरी आम्हीही कदाचित विचारले नसते. हेतू कायम ठेवून केलेली चिकित्सा कधी कधी त्याच हेतूकडे परत जाण्याचे बळ देते, हा धडा आम्ही त्या दिवशी घेतला.

वेग वाढत गेला तो कसा?

आपल्या महाराष्ट्रातच दुचाकीचा वेग एका पिढीत कसा पालटला ते पाहावे. १९७२ साली पुण्याच्या कायनेटिक कंपनीची लूना आली. ५० सीसीची ही गाडी चाळीस-पंचेचाळीसच्या वर फारशी जात नसे. त्याच वर्षी आकुर्डीच्या बजाज ऑटोची चेतक स्कूटर आली. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० व यामाहाची आरएक्स १०० बाजारात आली. पहिली ऐंशी-पंचाऐंशीपर्यंत, तर दुसरी शंभरापर्यंत जाई. २००१ साली बजाजची पल्सर आली आणि १५० सीसीच्या गाडीवर ताशी ११० किलोमीटरच्या आसपासचा वेग सामान्य घरातील तरुणाच्या हाती आला. पुढे २०० ते ४०० सीसीच्या गाड्यांनी सव्वाशे-दीडशेपर्यंत मजल मारली. परदेशी बनावटीच्या, १९९९ साली आलेल्या सुझुकी हायाबुसासारख्या गाड्या तर ताशी ३०० किलोमीटरपर्यंत पोहोचल्या. केवळ विक्रमासाठी बांधलेल्या बंदिस्त गाडीतून अमेरिकेतील बॉनव्हिलच्या मिठागरावर २०१० साली रॉकी रॉबिन्सन याने ताशी ६०५ किलोमीटरचा टप्पा ओलांडला.

येथे एक गणित ध्यानात घ्यावे. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तो भेदण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे आकार तोच ठेवून वेग दुप्पट करावयाचा तर इंजिनाची शक्ती जवळजवळ आठपट हवी. आठ अश्वशक्तीची गाडी पंचाऐंशी-नव्वदवर अडते आणि अकरा अश्वशक्तीची शंभरावर, त्याचे कारण हेच. कमाल वेगाला गाडीची सर्व शक्ती वाऱ्याशी झुंजण्यात संपलेली असते. तोच वारा स्वाराच्या छातीवर, मानेवर व डोक्यावर आदळत असतो. ताशी ६० ला वाऱ्याचा जो दाब असतो, तो १२० ला चौपट होतो. इंजिन लोखंडाचे आहे. स्वाराची मन्या, पृष्ठ व प्रकोष्ठ मांस-स्नायूंचे आहेत.

२०१८ च्या केंद्र शासनाच्या अधिसूचनेनुसार मोटारसायकलची कमाल वेगमर्यादा चौपदरी दुभाजकयुक्त महामार्गावर ताशी ८० व नगरपालिका हद्दीत तसेच इतर रस्त्यांवर ६० किलोमीटर आहे. जागोजागच्या फलकांवर याहून कमी मर्यादा असू शकते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर व समृद्धी महामार्गावर दुचाकीस प्रवेशच नाही. म्हणजे गाडीची क्षमता दीडशेची असली, तरी कायद्याच्या दृष्टीने तिचा उपयोग ८० पर्यंतच आहे. उरलेला वेग केवळ मोहासाठी विकला जातो.

थांबण्याचे गणित

वेगाचा धोका गाडी थांबविताना कळतो. अडथळा दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत सावध माणसाचाही सुमारे दीड सेकंद जातो. तेवढ्यात गाडी पूर्ण वेगाने पुढे जातच असते. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने थांबावयास लागणारे अंतर मिळविले, तर हिशेब साधारणपणे असा होतो :

ताशी ६० किमी – एकूण ४८ मीटर
ताशी ८० किमी – एकूण ७४ मीटर
ताशी १०० किमी – एकूण १०६ मीटर
ताशी १२० किमी – एकूण १४३ मीटर

ओल्या रस्त्यावर हेच अंतर ६० ला सुमारे ६० मीटर, ८० ला ९५ मीटर व १०० ला १३८ मीटर होते. कोकणात चार महिने पाऊस, डंपरच्या चाकांतून सांडलेली जांभ्याची लाल माती, वळणावर बसलेली गुरे आणि घाटातील दरड हे सर्व गृहीत धरले, तर वाचकांनी आपला हिशेब स्वतःच करावा.

याच गणिताची दुसरी बाजू अधिक बोलकी आहे. समोर अचानक गाय आली आणि ६० च्या वेगाचा स्वार तिच्यापाशी कसाबसा थांबला असे समजा. त्याच ठिकाणाहून ब्रेक लावू लागलेला ८० चा स्वार त्या गाईपाशी पोहोचेल, तेव्हा त्याचा वेग अद्याप ६४ च्या आसपास असेल. आणि १०० चा स्वार तर ९५ च्या वेगाने आदळेल. आघाताची तीव्रताही वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ६० ला भिंतीवर आदळणे हे सुमारे १४ मीटर उंचीवरून पडण्यासारखे आहे, ८० ला २५ मीटर व १०० ला ३९ मीटर. चौथ्या मजल्यावरून उडी मारू नये हे कोणास शिकवावे लागत नाही. ६० च्या पुढच्या काट्याबद्दल मात्र शिकवावे लागते.

आणि एवढे करून हाती काय लागते? सावर्डे ते चिपळूण हे सुमारे वीस किलोमीटरचे अंतर ६० च्या वेगाने २० मिनिटांत, तर ८० ने १५ मिनिटांत संपते. म्हणजे लाभ पाच मिनिटांचा. १०० ने गेल्यास आणखी तीन मिनिटांचा. केंद्र शासनाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षी देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्यू पावल्या. त्यांत दुचाकीवरील व्यक्ती सुमारे ४४ टक्के होत्या, आणि सुमारे ७१ टक्के मृत्यूंचे कारण अतिवेग असे नोंदले गेले.

शास्त्रातील आधार

प्राचीन आचार्यांसमोर मोटारसायकल नव्हती. त्यांनी तिचे भाकीत केले होते असा दावा करणे हा ग्रंथांचा आदर नव्हे. परंतु यानाचा क्षोभ शरीरास काय करतो याचे निरीक्षण त्यांनी केले होते, आणि ते आजही चिकित्सेत उपयोगी पडते.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील २८ व्या, वातव्याधीच्या अध्यायात वातप्रकोपाच्या हेतूंमध्ये हत्ती, उंट, घोडा यांबरोबरच शीघ्र यानावरून पडणे यांचा निर्देश आहे. पुढील वातरक्ताच्या अध्यायात घोडा-उंटावरील प्रवास हा हेतू म्हणून येतो. सर्वांत महत्त्वाचा संदर्भ सिद्धिस्थानाच्या १२ व्या अध्यायात आहे. तेथे पंचकर्मानंतर वर्ज्य करावयाच्या आठ महादोषकर भावांमध्ये ‘रथक्षोभ’ सांगितला आहे, आणि त्यापासून होणारे विकारही दिले आहेत : सांध्यांचे शैथिल्य, हनु, नासा, कर्ण व शिर यांचे शूल, पोटात क्षोभ, आंत्रकूजन व आध्मान, नितंब, पार्श्व, वंक्षण, वृषण, कटी व पृष्ठ यांच्या वेदना, खांदे व मान यांचे दौर्बल्य, पायांची सूज, अंगास बधिरपणा व शिरशिरी. ही यादी समोर ठेवून लांबच्या प्रवासाहून आलेल्या कोणत्याही मोटारसायकलस्वारास प्रश्न विचारावेत. बहुतेक लक्षणांस तो होकार देईल, असा आमचा अनुभव आहे.

संप्राप्ती

वेगवान प्रवासात वाताचे गुण सर्व बाजूंनी वाढतात. सतत आदळणारा वारा रूक्ष व शीत. इंजिनाचे व रस्त्याचे कंपन चल. रात्रीचे जागरण रूक्ष. अवेळी वा अल्प भोजन लघु. त्यात ‘पुढच्या गावी थांबू’ म्हणून मूत्र, तृष्णा व निद्रा यांचे वेग रोखले जातात. रस्त्यावरील वेगासाठी शरीराचे वेग धारण करणे, असा हा दुहेरी अपचार आहे. वाग्भटाने सांगितलेली वाताची स्थाने आठवावीत : पक्वाशय, कटी, मांड्या, कान, अस्थी व त्वचा. स्वाराच्या तक्रारी नेमक्या याच स्थानी प्रकट होतात.

आधुनिक दृष्टीनेही याची संगती लागते.

कान : हेल्मेटमध्ये ऐकू येणारा मोठा आवाज सायलेन्सरचा नसून वाऱ्याच्या खळबळीचा असतो. ताशी ६० च्या पुढे तो ९० डेसिबलच्या घरात जातो व १०० च्या सुमारास ९५ ते १०० पर्यंत पोहोचतो. ८५ डेसिबल आठ तास, ९४ डेसिबल एक तास आणि १०० डेसिबल केवळ १५ मिनिटे, ही कानाच्या सुरक्षिततेची सर्वमान्य मोजपट्टी आहे. प्रवासानंतर कानात गुणगुण येणे ही पहिली सूचना होय. अंतःकर्णातील नष्ट झालेल्या संवेदी पेशी पुन्हा निर्माण होत नाहीत. म्हणून येथे प्रतिबंध हीच चिकित्सा. कर्णपूरणाने गेलेले श्रवण परत येईल, असे आश्वासन कोणी देऊ नये.

हात : हँडलचे कंपन व घट्ट पकड यांमुळे बोटांना मुंग्या, बधिरता, थंडीत बोटे पांढरी पडणे असे विकार होतात. जपानमधील मोटारसायकलवरील वाहतूक पोलिसांतही हे विकार आढळले आहेत. शर्यतीच्या स्वारांत ब्रेक-क्लचच्या सततच्या वापराने प्रकोष्ठातील स्नायू फुगून दाब वाढतो व बोटांत बळ राहत नाही. त्यासाठी नामांकित स्वारांना शस्त्रक्रियाही करावी लागली आहे. २०२३ साली मुजेल्लो येथे ताशी ३६६ किलोमीटरचा वेग गाठणारा स्वार हा प्रशिक्षित शरीराचा, चामड्याच्या पोशाखातील, हवेची पिशवी अंगावर असलेला आणि पाऊण तासात शर्यत संपविणारा असतो. आपला तरुण साध्या शर्टात सहा-सात तास बसलेला असतो.

मान, पाठ व कटी : वाऱ्याच्या दाबाविरुद्ध डोके सावरताना मन्येचे स्नायू सतत आकुंचित राहतात. पुढे वाकून बसण्याच्या आसनात मनगट व कटीवर भार येतो. खड्ड्यांचे धक्के कशेरुकांतील चकत्या सहन करतात.

द्रवक्षय व डोळे : वारा घाम लगेच सुकवितो, म्हणून घाम येत नाही असे वाटते व पाणी प्यायले जात नाही. डोळ्यांतील अश्रुस्तर सुकतो, जळजळ होते व दृष्टी क्षणभर धूसर होते. ८० च्या वेगाने एका सेकंदात गाडी २२ मीटर जाते, हे लक्षात घेता तो क्षण लहान नाही.

मन : दीर्घकाळ एकाच वेगाने गेल्यावर तो वेग कमी वाटू लागतो. महामार्गावरून गावात शिरलेला स्वार ६० ला ‘हळू’ समजतो. थकव्याने लक्ष समोरच्या अरुंद पट्ट्यापुरते उरते. कडेने येणारे मूल वा गुरू उशिरा दिसते. यास आपल्या परिभाषेत धी-धृति-स्मृतींचा भ्रंश, म्हणजेच प्रज्ञापराध म्हणता येईल.

चिकित्सा व सावधानता

रथक्षोभजन्य विकारांत स्नेह, स्वेद आदी वातहर उपक्रम व निदानपरिवर्जन हाच ग्रंथोक्त मार्ग आहे. अभ्यंगासाठी तीळतेल, सहचर वा महानारायण तैल, मन्या व कटी येथे स्थानिक बस्ती, नित्याच्या स्वारास मात्राबस्ती, रात्री पादाभ्यंग, सकाळी अणुतैलाचे प्रतिमर्श नस्य. उष्ण, स्निग्ध व वेळेवर भोजन आणि पुरेशी झोप यांशिवाय यांतील काहीच टिकत नाही. हाताची बधिरता सहा आठवड्यांत हटली नाही, स्नायू कृश होऊ लागले किंवा पकड सैल पडली, तर नाडीपरीक्षण करणाऱ्या तज्ज्ञाकडे, म्हणजे मज्जासंस्थेच्या तपासणीसाठी, रुग्णास विनाविलंब पाठवावे.

येथे आपल्याच घरातील एका दोषाचा उल्लेख करणे भाग आहे. आपल्याकडे बस्ती, विरेचन वा शिरोधारेसाठी येणारे किती रुग्ण मोटारसायकलवरून येतात व त्याच गाडीवरून खड्ड्यांतून घरी जातात? ज्या रथक्षोभाचा निषेध ग्रंथ पंचकर्माच्याच संदर्भात करतो, तो आपल्या दारातून सुरू होतो. नेत्रतर्पणानंतर दृष्टी काही काळ धूसर असते, शिरोधारेनंतर तंद्रा असते, विरेचनानंतर बल कमी झालेले असते. आम्ही आता अशा रुग्णास सोबत माणूस आणण्यास सांगतो. नाहीतर कर्म पुढे ढकलतो. प्रारंभी काही रुग्ण नाराज झाले, दोघे-तिघे दुसरीकडे गेले. ते सोसावे लागते.

पडून आलेल्या स्वाराबाबत तर अधिक सावध राहावे. ‘फक्त मुका मार आहे, तेल लावून द्या’ असे म्हणत येणारा रुग्ण प्रत्यक्षात मान वा बरगडी मोडलेला असू शकतो. मानेच्या मध्यरेषेवर स्पर्शासह्यता, हातापायांत बधिरता वा बलहानी असल्यास मर्दन, मान फिरविणे वा ओढणे सर्वथा वर्ज्य. प्रथम क्ष-किरण तपासणी. डोक्यास मार लागून मध्यंतरी शुद्धीवर आलेला व बोलणारा रुग्ण काही तासांत कवटीतील रक्तस्रावाने बेशुद्ध होऊ शकतो. वारंवार उलटी, वाढती तंद्रा, वाढती डोकेदुखी, नाक-कानातून पाण्यासारखा स्राव, बाहुल्यांची असमानता यांपैकी एकही चिन्ह दिसल्यास रुग्णालय गाठावे. वृद्ध व रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणारे यांच्यात हा धोका कित्येक आठवड्यांनंतरही संभवतो. आमच्या परिसरास डेरवणच्या रुग्णालयाचा आधार आहे. प्रत्येकाने आपल्या जवळचे असे ठिकाण व १०८ हा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावा. श्वास अडलेला नसल्यास हेल्मेट ओढून काढू नये, बेशुद्धास पाणी पाजू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार जखमीवर कागदोपत्री सोपस्कारांची वाट न पाहता तातडीने उपचार करणे हे नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाचे कर्तव्यच आहे. २०१९ च्या दुरुस्तीतील कलम १३४ अ नुसार मदत करणाऱ्या सामान्य नागरिकासही संरक्षण आहे. लोकांना हे सांगावे, म्हणजे ते पुढे येतील.

औषधविक्रेत्यांसाठी

औषध देताना ‘गाडीवर आहात का?’ हा एक प्रश्न विचारण्यास काहीच खर्च येत नाही. क्लोरफेनिरामिन असलेल्या सर्दीच्या गोळ्या, काही खोकल्याची पातळ औषधे, प्रवासात उलटी न होण्याच्या गोळ्या यांनी झोप येते. सेट्रिझिनही काहींना झोप आणते. आपली औषधेही याला अपवाद नाहीत. सर्पगंधा, जटामांसी व तगर यांचे कल्प, अहिफेनयुक्त कर्पूररस, भांग असलेले जातीफलादी चूर्ण देताना ‘आयुर्वेदिक आहे, काही होत नाही’ हे वाक्य उच्चारू नये.

आसव-अरिष्टांविषयी ग्राहक हल्ली विचारतात. त्यांत संधानाने निर्माण झालेले मद्य साधारणपणे ५ ते १० टक्के असते. २० मिलिलिटर मात्रेत ते सव्वा ग्रॅमच्या आसपास जाते. ६० किलो वजनाच्या व्यक्तीच्या रक्तात त्याने १०० मिलिलिटरमागे सुमारे ३ मिलिग्रॅम पातळी होईल. कायद्याची मर्यादा ३० आहे. म्हणजे योग्य मात्रेची भीती नको. मात्र घेतल्यावर लगेच तोंडात उरलेल्या अंशामुळे श्वासयंत्र चुकीची नोंद दाखवू शकते. म्हणून समप्रमाण पाण्यातून घ्यावे, चूळ भरावी व पंधरा-वीस मिनिटांनी निघावे. बाटलीच तोंडाला लावणाऱ्यास मात्र हा हिशेब लागू नाही.

फोमचे कर्णबोळे, डोळ्यांस झाकणारा पारदर्शक चष्मा व ओआरएसची पाकिटे दर्शनी भागात ठेवावीत. गावात वा बाजारपेठेत शिरताना बोळे काढावेत, हेही सांगावे. आयएसआय चिन्हाचे, हनुवटीखाली पट्टा बांधलेले हेल्मेट मृत्यूचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी कमी करते. हँडलला अडकविलेले हेल्मेट काहीच करीत नाही.

चार प्रश्न

त्या प्रसंगानंतर आम्ही मान, कंबर वा हातांच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या प्रत्येक तरुणास चार प्रश्न विचारतो व ते केसपेपरवर लिहून ठेवतो. दररोज किती किलोमीटर गाडी चालविता? मोकळ्या रस्त्यावर काटा कोठे असतो? मध्ये किती वेळा उतरता? आणि आता परत कसे व केव्हा जाणार? पथ्य म्हणून आम्ही लिहून देतो : ताशी ६० हा सवयीचा वेग, महामार्गावरही ८० च्या आत, दर तासाला दहा मिनिटे उतरून चालणे, पाणी व मूत्रविसर्जन, रात्री ११ ते पहाटे ५ प्रवास वर्ज्य, दिवसभरात ३०० किलोमीटरची मर्यादा, पावसात त्याहून कमी. हे आमच्या अनुभवाचे नियम आहेत; प्रत्येकाने आपल्या प्रदेशानुसार त्यांत बदल करावा. मात्र ते तोंडी न सांगता औषधाच्या चिठ्ठीवरच लिहावेत. चिठ्ठीवरील पथ्य घरातील आई व पत्नीही वाचतात.

सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात चरकाचार्य तेरा अधारणीय वेग सांगून थांबत नाहीत. लगेच पुढे ते धारणीय वेगही सांगतात, आणि त्यांत मन, वाणी व शरीर यांच्या साहसाचा वेग अग्रभागी येतो. अध्यायाचा पूर्वार्ध आपण रुग्णांस नित्य सांगतो. उत्तरार्धही तितक्याच आग्रहाने सांगण्याची वेळ आली आहे. तो तरुण आता बरा आहे, किंचित लंगडतो. गेल्या गणपतीत तो रेल्वेने आला व सावर्डे स्थानकावरून चालत आमच्याकडे आला. कंबरेसाठी तेल मागितले. आम्ही तेल दिले आणि विचारले, परत कसे जाणार? त्याने खिशातून तिकीट काढून दाखविले.

इत्यलम्।